हलगीच्या चौसष्ट मात्रा

माणसाने कधी बोलावे यापेक्षा कधी बोलू नये हे ठरवून देणारा एक अधिकारी प्रत्येक गावात नेमला, तर कोर्ट, पोलीस आणि लष्कर या तिन्हींची गरज उरणार नाही, असे छातीठोकपणे सांगणारा आणि तो अधिकारी आपणच आहोत असे धरून चालणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते माझ्या थोरल्या बहिणीचे थोरले दीर. बहिणीच्या नवऱ्याला आम्ही दाजी म्हणत असू, म्हणून हे थोरले दाजी. पुढे सगळे गाव त्यांना दाजीच म्हणू लागले आणि त्यांचे खरे नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरले. सहा फूट उंची, टोके वर वळवलेल्या मिशा, डावा पाय किंचित ओढत चालायची लकब आणि हातात निर्गुडीची सोललेली, हातभर लांबीची काठी. ही काठी गुरांसाठी नव्हती आणि कुत्र्यांसाठीही नव्हती. ती माणसांसाठी होती, पण मारायला नव्हे. ती वर गेली की समोरच्याने श्वास घ्यायचा, खाली आली की बोलायचे आणि आडवी झाली की गप्प बसायचे. साताऱ्याच्या कचेरीतल्या हेडक्लार्कलाही त्यांनी एकदा काठी आडवी करून गप्प केले होते. त्या खेपेची पेन्शन उशिरा मिळाली, पण हेडक्लार्क वाक्याच्या मध्येच थांबला, हा आनंद त्यांना वर्षभर पुरला.

दाजींच्या गोष्टी सांगून मी पुष्कळ टाळ्या मिळवल्या आहेत. शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, निवृत्तीच्या समारंभात, जिथे चार माणसे हसायला तयार बसली असतील तिथे मी दाजींना उभे केले. त्यांच्या चालण्याची, बोलण्याची नक्कल मला चांगली साधते. त्यातली एक गोष्ट मात्र मी दर वेळी थोडी बदलून सांगत आलो. ती जशी घडली तशी आज लिहायची आहे. पण त्याआधी माणूस कळायला हवा, नाहीतर गोष्टीतले दुखणे कळणार नाही.

दाजी पलटणीच्या बँडात क्लॅरनेट वाजवीत. लढाई सुरू झाली की बँडवाल्यांची वाद्ये पेटीत जातात आणि त्यांच्या हातात जखमी उचलायच्या डोल्या येतात. इटलीत अशीच एक डोली उचलताना दाजींच्या पायात गोळ्याचा तुकडा घुसला आणि ते तिथल्या एका शहरात इस्पितळात पडले. बरे होत आले तेव्हा त्यांना इतर जखमींबरोबर एका नाटकघरात नेले. छप्पर निम्मे उडालेले, वरून आभाळ दिसत होते, आणि खाली साठ माणसांचा ऑर्केस्ट्रा वाजत होता. तिथे काय वाजवले हे दाजींना कधीच सांगता आले नाही. त्यांचे लक्ष दुसरीकडेच होते.

"कोपऱ्यात एक गडी हुबा," ते सांगत, "हातात तीन कोनाची लोखंडी सळी. अर्धा तास झाला, गडी हालंना. मला वाटलं, आजारी आसंल. मग येकदम, येकदाच, टिंग! आन् परत गप. शेवटाला टाळ्या पडल्या तवा सगळ्यांसंगं त्यो बी वाकला. आरं, त्यो अर्धा तास वाजवतच व्हता! गप ऱ्हाऊन वाजवत व्हता! आपल्या गावात आसं गप ऱ्हानारा एक तरी दाव मला."

तुटक्या छपराखाली दाजींना जो साक्षात्कार झाला, तो घेऊन ते सेहेचाळीस साली गावी परतले. गाव साताऱ्याच्या खाली, कृष्णेच्या काठाला. लोकांना वाटले, लढाईवरून माणूस आला, काहीतरी आणले असेल. दाजींनी एक सिद्धांत आणला होता. समाज म्हणजे ऑर्केस्ट्रा. प्रत्येकाला आपापले वाद्य, प्रत्येकाची आपापली पाळी, आणि पाळी नसेल तेव्हा मनात मात्रा मोजत बसायचे. भांडण म्हणजे दुसरे काही नाही, पाळी नसताना वाजवणे.

पहिला प्रयोग अर्थातच घरावर झाला. जेवताना सात माणसे एकदम बोलतात हे दाजींना खपेना. त्यांनी प्रत्येकाला मात्रा वाटून दिल्या. आधी पुरुष, मग बायका, मग मुले, असे माझ्या भाबड्या बहिणीला वाटले होते. पण दाजी न्यायी. त्यांनी आधी मुलांना आठ मात्रा दिल्या, मग सुनांना आठ, आणि आपल्या आईला सर्वांत शेवटी सोळा, कारण तिचा आवाज सगळ्यांत भारदस्त. म्हातारी पदर तोंडाला लावून बोटांवर मोजत बसली. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मुडद्या, तवाधरनं आमटी जळायलीया. नाकाला कळत न्हाई व्हय रं तुज्या? मला आत्ता बोलाया दिलंस!" त्या दिवशी सगळ्यांनी भाकरी चटणीशी खाल्ली. दाजींचे म्हणणे असे की आमटी जळाली हे खरे, पण तिच्या आधी कुणी ओरडले नाही, हा फायदा कुणी लक्षात घेत नाही.

मग रॉकेलची रांग. त्या वर्षांत रॉकेल, साखर, कापड सगळेच मापाने मिळे आणि दुकानासमोर रोज धक्काबुक्की होई. दाजींनी रांगेचा ताबा घेतला आणि लोकांना आवाजाप्रमाणे उभे केले. पातळ आवाज पुढे, जाड आवाज मागे. प्रत्येकाला काठीपुढे 'आ' करायला लावले. पाटलांचा आवाज भरदार निघाल्यामुळे ते शेवटी गेले आणि तालमीतला एक अडीच मणाचा पैलवान किनऱ्या आवाजाचा निघाल्यामुळे पोरीबाळींच्या पुढे उभा राहिला. तो रडकुंडीला आला. "दाजी, पाया पडतो, मला मागं धाडा. रॉकेल नगं मला." हे सगळे लावून होईपर्यंत दुकानदाराने फळ्या लावल्या. रॉकेल कुणालाच मिळाले नाही. पण पाटलांपासून पैलवानापर्यंत सगळे सारख्याच अंधारात बसले, याकडे दाजींनी आमचे मुद्दाम लक्ष वेधले.

वरची आळी आणि खालची आळी यांच्यात पाटाच्या पाण्यावरून वाकडे होते. दाजींनी दोघांना चावडीपुढे बसवले. एकाने बोलायचे, दुसऱ्याने मनात बत्तीस मोजायचे, मग अदलाबदल. अडचण एवढीच झाली की खालच्या आळीला मनातल्या मनात मोजता येत नव्हते. वरच्या आळीचा कारभारी "आमच्या ऊसाला पाणी" एवढे म्हणेपर्यंत इकडून पंचवीस माणसे खड्या आवाजात "नऊ, धा, अकरा" म्हणत होती. त्यातल्या कुणीतरी सतरानंतर एकोणीस म्हटले. "अठरा खाल्ला!" असा वरच्या आळीने ओरडा केला, आणि त्या दिवशीची मारामारी गावात प्रथमच पाण्यावरून न होता आकड्यावरून झाली. दाजींनी हीसुद्धा प्रगतीच मानली.

मी त्या वेळी तेवीस वर्षांचा. सांगलीच्या एका शाळेत तात्पुरता मास्तर. शनिवारी शाळा सुटली की गाडी धरून बहिणीकडे येत असे, कारण तिच्या हातची भाकरी आणि दाजींचा तमाशा या दोन्ही गोष्टी सांगलीत मिळत नव्हत्या. मला हार्मोनियम वाजवता येई, म्हणून दाजी मला 'पेटी' म्हणत. "काय पेटी, कवा आलास?" ते माणसांना वाद्याच्या नावानेच हाक मारीत. माणसाची जात विचारू नये, वाद्य विचारावे, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. एकदा मी त्यांना छेडले, "दाजी, ह्या सगळ्या बँडात तुम्ही काय वाजवता?"

"म्या? म्या काय बी वाजवत न्हाई."

"मग?"

"मग काय? म्हनून तर समदी माझ्याकडं बघत्यात."

त्यावर मी पोट धरून हसलो होतो. देश नुकताच स्वतंत्र होत होता. पुढच्या आयुष्यात मी अशी बरीच माणसे पाहिली, ज्यांना काही वाजवता येत नव्हते आणि ज्यांच्याकडे सगळे बघत होते. फरक इतकाच की दाजींना आपले वाद्य येत होते आणि त्यांनी ते आपणहून खाली ठेवले होते.

शेवटी बोलून काही होत नाही हे ओळखून दाजींनी खराच ऑर्केस्ट्रा जमवला. जागा गुऱ्हाळाची. ऊस तुटायला अवकाश होता, कायली उपड्या पडल्या होत्या, तिथे दर रविवारी दुपारी एकोणीस माणसे जमू लागली. मोडलेल्या एका लग्नबँडातले दोन क्लॅरनेटवाले, वाईच्या घाटावर पूजा सांगणाऱ्या घरातला एक फिडलवाला, सांगलीहून माझ्याबरोबर गाडीने येणारा हळदीचा जैन व्यापारी, तोही फिडलवाला, गुरवाची सनई, भजनातले टाळ, ढोलकी, माझी पेटी. जतकडून मेंढरे घेऊन आलेला एक धनगर पावा वाजवीत असे. त्याला मराठी आकडे नीट येत नसत. तो आपल्या मात्रा कानडीत मोजी, "ओंदु, एरडु, मूरु," आणि बरोब्बर आपल्या जागेवर फुंकर घाली. दाजींना याचे इतके अप्रूप, की त्यांनी त्याला मध्ये उभे करून आम्हाला सांगितले, "बघा रं. मोजायची भाषा कंची का आसंना, चौसष्ट म्हंजी चौसष्टच!"

आणि हलगी. हलगी वाजवायचा सखाराम. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, तिशीचा, काळाभोर, हसला तर अर्धेच हसणारा. गावात त्याला सगळे 'सख्या' म्हणत आणि लांबूनच म्हणत. त्याच्या हलगीवर कुस्तीचा फड उभा राहायचा, पण फड सुटला की त्याने बाजूला व्हायचे. दाजींनी त्याला स्वतः जाऊन बोलावले आणि सगळ्यांबरोबर एकाच जाजमावर बसवले. पहिल्या रविवारी टाळवाले दोघे उठून गेले. दाजींनी काठी वर केली आणि टाळांशिवायच सुरुवात केली. तिसऱ्या रविवारी टाळवाले आपोआप परत आले. घरी बसून त्यांना करमेना.

बसायची मांडणी दाजींनी इटलीत पाहिल्याप्रमाणे केली होती. मऊ आवाज पुढे, मोठा आवाज मागे. त्यामुळे हलगी सर्वांत मागे, दाराशी. महिनाभर सखाराम काही बोलला नाही. मग एके दिवशी हलगी जाळावर शेकता शेकता सहज बोलावे तसा म्हणाला, "दाजी, तुमच्या नव्या समाजात बी आमी दारातच की वो!"

कुणीतरी हसले. मीच असेन. दाजी हसले नाहीत. त्यांनी काठी काखेत मारली आणि त्या दिवशीची तालीम तिथेच संपवली. आठ दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. बहिणीने मला सांगितले, जेवताना त्यांनी कुणाला मात्राही वाटून दिल्या नाहीत. पुढच्या रविवारी ते आले ते एक नवी चीज बांधूनच. तिच्या सुरुवातीला चौसष्ट मात्रा हलगी एकटी. संथ लयीत. बाकी अठरा जणांनी वाद्याला हातसुद्धा लावायचा नाही. चौसष्ट संपल्या की सनई उठणार आणि मग हळूहळू सगळे. आणि हलगीची जागा मधोमध, पुढे, काठीच्या समोर.

"सखाराम," दाजी म्हणाले. त्यांनी त्याला वाद्याच्या नावाने हाक मारली नाही, हे मी तेव्हा पाहिले. "तू सुरू केल्याबिगर कुनीच सुरू व्हनार न्हाई. पाटील आला तरी थांबंल."

सखाराम बराच वेळ जाजमाच्या मधल्या जागेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चौसष्ट लय हुत्यात दाजी. लोक कटाळतील."

"कटाळू देत. त्यांना बी सवय हुईल."

त्या चौसष्ट मात्रा सखारामने काय वाजवल्या ते मला लिहून सांगता येणार नाही. अगदी बारीक, काडीच्या टोकाने सुरू करायचा, आणि चाळिसाच्या पुढे गुऱ्हाळाचे पत्रे थरथरायला लागायचे.

हा ऑर्केस्ट्रा सांगलीला नेण्याची कल्पना माझी. स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी, दिवाळीनंतर, आमच्या शाळेच्या कमिटीने एका नाट्यगृहात समारंभ ठरवला होता. विषय होता 'नवा समाज'. कमिटीच्या सेक्रेटरींना मी दाजींच्या गोष्टी सांगून हसवले होते. तेच म्हणाले, आणा की तुमच्या त्या लष्करी म्हाताऱ्याला, मजा येईल. दाजींना मी यातला 'मजा' हा शब्द वगळून निरोप दिला. ते इतके हरखले की त्यांनी एकोणीस जणांना पांढरे सदरे शिवायला लावले.

दुपारी चारचा कार्यक्रम. तीन वाजता सेक्रेटरींनी मला बाजूला घेतले. फार सुसंस्कृत माणूस. त्यांनी आवाज एकदाही चढवला नाही.

"मास्तर, तो मधे बसणारा गृहस्थ... हलगीवाला. मला स्वतःला काही वाटत नाही हो. मी तर त्याच्या हातचं पाणीही घेईन. पण पुढच्या रांगेत कोण कोण येऊन बसणार आहे, तुम्ही जाणताच. रंगमंचाची सकाळी पूजा झालेली आहे. वाजवू दे ना त्याला, कोण नको म्हणतंय? फक्त पडद्याआडून वाजवू दे. आवाज उलट गोड येतो." आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून, "जूनपासून तुम्हाला कायम करायचं आहे. माझ्या लक्षात आहे बरं का."

मी सुधारलेल्या विचारांचा होतो. नव्या समाजावर त्याच समारंभासाठी निबंधही लिहिला होता. सुधारलेल्या विचारांचा माणूस आपल्या नोकरीचा प्रश्न आला की किती चटकन जुना होतो, हे ज्याला पाहायचे असेल त्याने मला पाहावे. दाजींकडे जायची माझी छाती नव्हती. ते तिथल्या तिथे सगळ्यांना घेऊन स्टेशनवर गेले असते. म्हणून मी नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात गेलो. सखाराम कागदाच्या जाळावर हलगी शेकत बसला होता. नवा सदरा मळू नये म्हणून त्याने मांडीवर पंचा पसरला होता.

मी म्हणालो, "सखाराम, तुम्ही आज पडद्यामागं बसायचं आहे. दाजींनी सांगितलंय."

त्याने वर पाहिले. "दाजी म्हणलं?"

"हो."

"सवता म्हणलं?"

"स्वतः."

त्याने हलगी जाळावरून काढली, बोटाने तिच्यावर एकदाच टिचकी मारून पाहिली, आणि म्हणाला, "बरं." मग ती पंच्यात गुंडाळू लागला. तो पडद्यामागे जायला निघाला असे मला वाटले, कारण मला तसे वाटून घ्यायचे होते.

पडदा वर गेला तेव्हा मधली जागा रिकामी होती. दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी पेटीवर वाकून कुजबुजलो, "आत बसलाय. बुजला. आतूनच वाजवतोय म्हणाला." दाजींनी क्षणभर मागच्या पडद्याकडे पाहिले, मान हलवली, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि काठी वर नेली. काठी खाली आली. पहिली मात्रा. काही वाजले नाही.

दुसरी. तिसरी. दाजी थांबले नाहीत. त्यांना वाटले असेल, सखाराम बारीक सुरू करतो, ऐकू येत नसेल. दहाव्या मात्रेला त्यांना कळले. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, कारण त्यांच्याकडे बघणे हेच आमचे काम होते. त्यांना काठी खाली ठेवता आली असती, किंवा सनईला खूण करून पुढे जाता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ते अकरावी मात्रा दाखवून बारावीकडे गेले, आणि रिकाम्या जागेकडे बघत, एकही मात्रा न ओढता, न पळवता, पुढे मोजत राहिले.

विसाव्या मात्रेला प्रेक्षकांत खसखस पिकली. तिसाव्याला मागून कुणीतरी ओरडले, "चावी द्या रे बँडमास्तरला!" आणि अख्खे नाट्यगृह हसले. पुढच्या रांगेतली मंडळी रुमालाआड हसली. विंगेतून सेक्रेटरी हात हलवून मला काहीतरी खुणावत होते. धनगराचे ओठ कानडीत हलत होते. वाईचा फिडलवाला मान खाली घालून बसला होता, पण त्याचा अंगठा पेरावरून पेरावर सरकत होता. अठरा माणसे मोजत होती. मीही मोजत होतो. पन्नाशीच्या आसपास कसे कोण जाणे, हसणे थांबले. शेवटच्या दहाबारा मात्रा लोकही गप्प होते. आणि चौसष्टावी संपताक्षणी सनई उठली, नेमकी, केसभर पुढे नाही, मागे नाही, आणि तिच्यामागे आम्ही सगळे.

दाजींच्या डोक्यातला तो समाज जगात कुठे असेल तर मिनिटभर तो तिथे होता. अठरा माणसांनी एका माणसाची जागा राखून धरली होती, लोक हसत असताना. आणि ती जागा कुणी रिकामी केली हे त्यांच्यातल्या एकालाच माहीत होते, आणि तोही चेहरा गंभीर ठेवून बोटांवर मात्रा मोजत होता.

कार्यक्रम संपल्यावर दाजींनी विचारले, "सखाराम कुठाय?" मी सांगितले, "भ्याला असेल. निघून गेला." मागच्या अंगणात विझलेल्या कागदांची राख होती, दुसरे काही नव्हते. तो सरळ स्टेशनवर गेला होता.

पुढच्या रविवारी गुऱ्हाळात दाजी एकटेच जाऊन बसले. त्यांनी वस्तीत दोनदा निरोप धाडला. सखाराम आला नाही. दुसऱ्या कुणाला हलगी द्या असे सगळ्यांनी सुचवले. दाजी म्हणाले, "जागा त्याची हाय." मग ऊस तुटायला लागला, कायली चढल्या आणि ऑर्केस्ट्रा संपला. गावात त्याला 'मुका बँड' असे नाव पडले. ते नाव सांगलीहून गावात कुणी नेले हेही लिहून टाकतो. मी नेले. गोष्ट सांगायला फार सोपी होती. हलगीवाला घाबरून पळाला आणि म्हातारा मिनिटभर हवेत काठी फिरवत राहिला. नक्कल करताना मी 'चावी द्या' या वाक्यावर थोडा थांबत असे. हमखास हशा येई. जूनमध्ये मी कायम झालो.

त्यानंतर सहासात वर्षांनी दाजी गेले. शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो होतो. काठी उशाशी होती, पण ते ती उचलत नसत. घरातले सगळे एकदम बोलत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "पेटी, त्या दिशी त्यो का गेला आसंल रं? माजंच कायतरी चुकलं बघ. त्याला इचाराया पायजे व्हतं, मदी बसतोस का म्हनून. म्या हुकूमच केला." मी त्यांच्या पायावरचे पांघरूण सारखे केले.

सखाराम गाव सोडून पुण्याला गेला होता. दाजींच्या मागे वर्षाभराने तो मला सांगलीच्या मोटारस्टँडवर भेटला. केस पिकले होते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "मास्तर, एक इचारू? त्या दिशी दाजी खरंच तसं म्हणलं व्हतं का वो?"

आता मला कुणाची भीती नव्हती. सेक्रेटरी बदलले होते, नोकरी पक्की होती, दाजी नव्हते. मी म्हणालो, "हो. म्हणाले होते."

"मग बरं," तो म्हणाला. "मला आपलं वाटायचं, आपुनच उगा रागाच्या भरात गेलो." आणि तो गाडीत चढला.

गेल्या महिन्यात चौकशी करत मी पुण्याला त्याच्या घरी गेलो. तो जाऊन बरीच वर्षे झाली. त्याची बायको आहे, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांना कमी दिसते, कान मात्र शाबूत. सुनेने चहा ठेवला. मी सगळे सांगितले, मागचे अंगण, सेक्रेटरी, स्टँड. म्हातारी मध्ये बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "आवं मास्तर, आता सांगताय व्हय?" पदर सावरत तिने पुढे सांगितले, "दाजीचं नाव निघालं की त्यो ताटावरनं उठून जायाचा. पोरांस्नी कदी हलगीला हात लावू दिला न्हाई." मग तिने विचारले, "आन् दाजी? त्यांनी काय केलं तवा?"

"थांबले," मी म्हणालो. "सखारामसाठी. चौसष्ट मात्रा."

"म्हंजी किती?"

मला सांगता येईना. मी हात गुडघ्यावर ठेवला आणि दाजींच्या लयीत एकेक मात्रा देऊ लागलो. सून काही विचारायला आली, म्हातारीने तिला हाताने थांबवले. ती माझ्या हाताकडे तोंड करून बसून राहिली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, चहावर साय धरत होती. मधे दोनदा मला वाटले, आता पुरे, कळले असेल. पण तिने मान हलवली नव्हती, म्हणून मी मोजत गेलो. चौसष्ट झाल्या तेव्हा माझा हात दुखत होता.

म्हातारी म्हणाली, "लय थांबलं की वो!"